फारुख मिस्त्रींची नुमाईश

अकोल्यात बाळापूर नाक्याच्या पुढे गॅरेजांची ओळ लागते. त्या ओळीत फारुख मिस्त्रींचं दुकान ओळखायला पाटी वाचावी लागत नसे. दुकानासमोर लोखंडी अँगलची एक दणकट मांडणी होती आणि तिच्यावर इंजिनाचे फुटके ब्लॉक मांडलेले होते, लोक बैठकीत पोराचे करंडक मांडतात तसे. काही अख्खे, काहींचे नुसते तुकडे. प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटने, तो ज्याने फोडला त्या मिस्त्रीचं नाव आणि गाव. फारुख मिस्त्री या मांडणीला नुमाईश म्हणायचे.

नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचं काम राहायचं बाजूला, आधी त्याला नुमाईश दाखवली जायची.

"हे पाहा. तडा गेला म्हणून या शहाण्यानं बीड लाल करून वेल्डिंग मारलं, अन् वरतून थंड पानी ओतलं. लेकाच्याले वाटलं, तव्यावरची भाकर हाय. अन् हा पाहा. बोल्ट निघत नव्हता म्हणून यानं घण घातला. बोल्ट तसाच आहे, ब्लॉक गेला. अन् हे साहेब! यायनं तड्यात लांबी भरली अन् वरून रंग मारला. अबे, दरवाजा हाय का तो?"

गिऱ्हाईक हसायचं. हसलं नाही तर मिस्त्री त्यालाही मूर्खात काढायचे.

अडचण एवढीच होती की माणूस कामात खरोखर पक्का होता. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याला तडा गेला आणि तो वेल्डिंगने जोडला, तर बऱ्याचदा शेजारी नवा तडा जातो. मिस्त्री ब्लॉक तापवतच नसत, थंडच शिवायचे. तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक, म्हणजे तो पुढे पळायचा थांबतो. मग तड्यावरून एकात एक अडकणारी भोकं पाडायची, त्यांना आटे पाडायचे, त्यात बिडाच्या खिळ्या पिळून बसवायच्या, आणि वरून ठोकून, घासून सपाट करायचं. तड्याच्या जागी बोट फिरवलं तरी कळू नये. बोल्टच्या भोकाचे आटे गेले असतील तर ते भोक मोठं करून आत नवा बुश, म्हणजे आटे पाडलेली छोटी नळी, बसवायचे, आणि तो फिरू नये म्हणून कडेला तांब्याची बारीक खिळी ठोकायचे. अशी खिळी ठोकणारा दुसरा मिस्त्री सगळ्या वऱ्हाडात नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

हुनर हातात होता तो असा. पण तो हातात राहिला नाही, डोक्यात गेला. अमरावतीच्या ज्या उस्तादांकडे मिस्त्री हे काम शिकले, त्यांच्याबद्दलसुद्धा ते म्हणायचे, "माणूस चांगला होता, हात जड होता." उस्ताद वारले तेव्हा अमरावतीला जाऊन आले आणि परत येऊन त्यांच्या दुकानातलं लेथ किती घाण ठेवलं होतं तेच सांगत बसले. शिकायला आलेलं एकही माणूस त्यांच्याकडे टिकलं नाही. कोण रोज येऊन आपली अक्कल काढून घेणार?

शेतकरी तर त्यांच्या खिजगणतीतच नव्हते. बाळापूरकडचा सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. तेच पाणी ही मंडळी ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये ओततात. आतून ब्लॉक सडतो, बोल्ट गंजून जागच्या जागी बसतात. यात पहिला नंबर नत्थुजींचा. बाळापूर तालुक्यातले चांगले बागाईतदार, घरात सगळं काही, आणि ट्रॅक्टर असा वापरायचे की पाहणाऱ्याला दया यावी. मिस्त्री त्यांना तोंडावर म्हणायचे, "जे पानी तुमचा बैल पीत नाही, ते इंजिनाले पाजता. बैलाले तोंड आहे म्हणून तो वाचला." नत्थुजी हसून तंबाखू मळत बसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच पाणी ओतायचे.

असल्या माणसाला जावई मिळाला तो तनवीर.

तनवीरचं बाळापुरात छोटं गॅरेज होतं. आयटीआय केलेला, कमी बोलणारा, हात स्वच्छ ठेवणारा. बोल्ट किती पिळायचा ते मोबाईलवर पाहून, घड्याळ लावलेल्या पान्याने पिळायचा. मिस्त्रींना हे पाहूनच उबळ यायची. मनगटाला कळत नाही म्हणून घड्याळाला विचारतो, असं ते चारचौघांत म्हणायचे. मुलगी लुबना त्याच्या घरी सुखात होती, बायको आमिना जावयाचं कौतुक करून थकत नव्हती, पण मिस्त्रींच्या लेखी जावई पास झालाच नव्हता. घरात ते उर्दू बोलायचे, धंद्यात वऱ्हाडी. जावयाशी मात्र घरातही वऱ्हाडीच. उर्दूत बोललं असतं तर जावयाला आप म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी अदब मिस्त्रींच्या जिवावर यायची.

मग तो नत्थुजींच्या ट्रॅक्टरचा प्रकार झाला.

नत्थुजींच्या इंजिनात पाणी तेलात मिसळत होतं. पेरणी तोंडावर, म्हणून त्यांनी अकोल्याला न येता जवळच्या तनवीरला बोलावलं. तनवीरने हेड, म्हणजे ब्लॉकवरचं जड झाकण, उतरवलं, नवं गॅस्केट घातलं, हेड बसवलं आणि बोल्ट पिळता पिळता टक् असा आवाज आला. बोल्टच्या भोकाशेजारी ब्लॉकला तडा गेला होता. दुसरं कोणी असतं तर लांबी भरून रंग मारला असता. याने सासऱ्याला फोन केला आणि ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून स्वतः अकोल्याला घेऊन आला.

आता, हेड बसवण्याआधी ब्लॉकवरची बोल्टची भोकं आतून पुसून कोरडी करावी लागतात. तळाशी थोडं तेल-पाणी राहिलं आणि वरून बोल्ट पिळला, तर ते पाणी दबायला तयार नसतं. ते ब्लॉकच फोडतं. ही चूक करणाऱ्यांवर मिस्त्रींचा विशेष लोभ. नुमाईशीतली सगळ्यात वरची फळी याच लोकांची होती.

"भोकं पुसली होती?" मिस्त्रींनी विचारलं. नत्थुजी होते, आजूबाजूच्या दुकानांतले लोक गोळा झाले होते.

"पुसली होती, मामू. हवाबी मारली होती."

"कशाची हवा? तोंडाची?"

लोक फिदीफिदी हसले. मिस्त्रींना चेव आला. आयटीआयचं सर्टिफिकेट, मोबाईलचं शिक्षण, बाळापूरचं पाणी, सगळं निघालं. तनवीरने ब्लॉककडे एकदा पाहिलं, सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुसत उभा राहिला. मिस्त्रींनी नत्थुजींना जुन्या बाजारातून दुसरा ब्लॉक मिळवून दिला, आणि फुटका ठेवून घेतला. संध्याकाळी ब्रश घेऊन बसले. "तनवीर, बाळापूर." अक्षर मोठं काढलं.

ही गोष्ट लुबनाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. बाळापूरची काळीपिवळी जीप त्या दुकानावरूनच जाते. येणारा-जाणारा वाचायचा, सासऱ्याने जावयाचं नाव टांगलंय म्हणून हसायचा, आणि बाळापुरात येऊन सांगायचा. लुबनाने आईला फोन केला. त्या ब्लॉकवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे तोवर मी माहेरचा उंबरा चढणार नाही, म्हणाली.

आमिनाने नवऱ्याला समजावलं, रागावली, रडली. मिस्त्री हलले नाहीत. त्यांचं एकच पालुपद. नात्यागोत्याने बीड जुळत नाही. जे झालं ते झालं, ते लिहिलं. त्यातलं अक्षर जरी खोटं निघालं तरी मी माझ्या हाताने पुसेन. त्या वर्षी ईदला लुबना आली नाही. पुढच्या ईदलाही आली नाही. आमिनाने शीरखुर्म्याचं भांडं मिस्त्रींसमोर आदळलं आणि स्वतः खाल्ला नाही. मिस्त्रींनी खाल्ला, आणि गोड जरा जास्त झालंय असं सांगितलं.

अशात एक दिवस दर्यापूरकडचा एक शेतकरी दुकानात आला. त्याच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक कायमचा गेला होता आणि त्या जुन्या मॉडेलचा नवा कुठे मिळत नव्हता. नुमाईश पाहता पाहता तो वरच्या फळीशी थांबला.

"मिस्त्री, हा तर माझ्याच मॉडेलचा दिसते. यालेच टाके घालून द्या न."

मिस्त्रींना कल्पना पसंत पडली. जावयाने फोडलेला ब्लॉक सासऱ्याने शिवला, यासारखी गोष्ट सांगायला दुसरी कोणती? शेजारच्या दोघांना हाक मारून ब्लॉक खाली उतरवला. तडा पाहायची त्यांची रीत जुनी होती. पूर्वी रॉकेल लावायचे, आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल. डिझेल चोळायचं, पुसून काढायचं आणि वरून खडूची पूड फासायची. तड्यात मुरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. दुकानात येणारा प्रत्येक ब्लॉक या परीक्षेतून जायचा. त्याशिवाय मिस्त्री तोंड उघडत नसत. हा एकच ब्लॉक असा होता की ज्याला त्यांनी तेव्हा डिझेल लावलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती. कोणी फोडला ते माहीत होतं, मग आणखी काय पाहायचं?

खडूवर रेघ उमटली. ती भोकाच्या तळातून निघत नव्हती. तळाला पाणी साचून ब्लॉक फुटला असता तर तिथूनच निघाली असती. ती निघत होती वरून, बुशाच्या कडेपासून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीकडे.

बुश? या भोकात बुश होता?

मिस्त्रींनी चष्मा पुसला. बुशाच्या कडेला, गंजाखाली, तांब्याची बारीक खिळी होती.

त्यांनी बुश काढला. आतलं भोक तिरकं पाडलेलं होतं. एका बाजूला बीड भरपूर, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पोकळीपर्यंत नखाएवढं पातळ, आणि तेवढंही खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेलं. असा ब्लॉक घड्याळ लावलेल्या पान्यानेच काय, फुंकर मारली तरी फुटायचा. मग सगळं आठवलं. फार वर्षांपूर्वी नत्थुजी घाईत आले होते. वीज गेलेली होती. मशीनवर लावून सरळ भोक पाडायला वीज येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण आपला हात म्हणजे मशीनच, असं म्हणून मिस्त्रींनी हातड्रिलने भोक पाडलं होतं. वर नत्थुजींना ऐकवलंही होतं की हे काम दुसऱ्या कोणाला करून दाखवायला सांगा.

"काय मिस्त्री, होते का?" शेतकऱ्याने विचारलं.

"नाही होत. भंगार आहे."

"पन कोनं फोडला एवढा?"

वर नाव होतंच. मिस्त्री फडक्याने खडूची पूड पुसत राहिले. शेतकऱ्याने नाव वाचलं, मान हलवली आणि गेला.

आणि मग या सच्च्या माणसाने, अक्षर खोटं निघालं तर स्वतःच्या हाताने पुसणाऱ्या माणसाने, काय करावं? शेजारच्या त्या दोघांना पुन्हा हाक मारली आणि ब्लॉक उचलून होता तिथे परत ठेवला. नावासकट. रंग काढायचं तेल कपाटात होतं. कपाट त्यांनी उघडलंही नाही. सवड झाली की पाहू, असं स्वतःला सांगितलं. जो माणूस दुसऱ्याची चूक त्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहायचा, त्याला स्वतःची पुसायला सवड मिळेना. रोज सकाळी शटर उघडताना ते त्या फळीकडे पाठ करून उभे राहू लागले, आणि बाकीच्या फळ्यांवरच्या लोकांना दुप्पट शिव्या देऊ लागले.

एका दुपारी आमिना दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे. तिने सांगितलं की तनवीर गॅरेज बंद करतोय. नांदगाव पेठेला कापडाच्या गिरणीत फिटर म्हणून लागलाय. अमरावतीत खोली पाहिलीय, सामान बांधायला घेतलंय, उद्या जुम्म्याची नमाज झाली की निघणार. एवढं सांगून तिने वरच्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, तुमच्या मनासारखं झालं. आणि चालती झाली.

मिस्त्री आधी रागावले. गिरणीत! चांगला हात असलेलं पोरगं गिरणीत जाऊन मशीनला तेल घालणार? हात चांगला आहे हे आपण आज पहिल्यांदा म्हटलं, तेही मनातल्या मनात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते जास्तच रागावले. मग शटर ओढून बाळापूरच्या काळीपिवळीत बसले. रस्ताभर त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे वाक्य काही सरळ होईना. शेवटी ठरवलं की चूक सांगायची, नाव पुसायचं कबूल करायचं आणि त्याला थांबवायचं. लुबना घरी येईल, पोरगा धंद्यात राहील. आपल्यासारख्या माणसाने एवढं खाली उतरून सांगितल्यावर कोण थांबणार नाही?

गॅरेज अर्धं रिकामं झालं होतं. तनवीर जमिनीवर बसून पाने गोणपाटात गुंडाळत होता. सासऱ्याला पाहून उठला, सलाम केला, खुर्ची पुसून दिली.

"गिरणीत चालला म्हने," मिस्त्री म्हणाले. बसले नाहीत.

"हो, मामू."

"तकल्या पुसाले?"

तनवीरने गोणपाटावरचा एक पाना उचलून हातात घेतला. मिस्त्रींना वाटलं, हे नको होतं बोलायला. मग त्यांनी छातीत हवा भरली आणि एका दमात सांगून टाकलं.

"त्या ब्लॉकमंदी बुश माझा होता. भोक माझ्या हातानं तिरकं गेलं होतं. तुह्या हातून काही झालं नाही."

"माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी दिसली होती खिळी. तांब्याची."

मिस्त्री खुर्चीवर बसले.

"मंग बोलला काहून नाही? एवढे लोक हसून राहिले होते तुह्यावर."

"मले वाटलं, तुमी पाहसान. तुमी सगळ्यायचे ब्लॉक डिझेल लावून पाहता. म्हटलं, आज ना उद्या पाहतीन, मंग सोताच पुसतीन." तनवीरने हातातला पाना गुंडाळून खाली ठेवला. "चारचौघात मी कसा सांगू? लुबनाचे अब्बा तुमी."

"तर मंग आयक. मी उद्या सकायी नाव पुसतो. तिथं माझं लिहितो. त्याच्याहून मोठ्या अक्षरात लिहितो. सगळ्यायले बोलावून लिहितो. तू हे सामान सोड. धंदा सोडू नको. मी शिकवतो तुले टाके घालाले. कोनाले शिकवलं नाही ते शिकवतो."

एवढं मोठं देणं मिस्त्रींनी आयुष्यात कोणाला देऊ केलं नव्हतं. ते तनवीरच्या तोंडाकडे पाहत राहिले, आता हा खूश होईल म्हणून.

"त्या नावामुळं नाही जाऊन राहिलो, मामू."

"मंग?"

तनवीर जरा घुटमळला. सांगू की नको असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मागच्या महिन्यात वाडेगावचा एक मिस्त्री आला होता. बोल्ट तुटला होता त्याच्या हातून, अन् काढता काढता त्यानं भोकाची पार वाट लावली होती. लय घाबरला होता बिचारा. अन् मी हसलो त्याले. दोन-चार गोष्टी आयकवल्या. लुबना डबा घेऊन आली होती, तिथं दारात उभी होती. तो गेल्यावर मले म्हनली, तुमी अगदी अब्बासारखे हसले."

मिस्त्रींची नजर दाराकडे गेली.

"अन् खरं सांगू? मले हसताना मजा आली होती. माझं काम सुधरून राहिलं न मामू, तसंतसं समोरचा मले बावळा दिसून राहिला. अजून पाच-सात वर्षं इथं राहिलो तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "गिरणीत बरं. तिथं दहा फिटर असतात. कोनीच एवढा मोठा नसते."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर मिस्त्रींना उत्तर देता आलं असतं. भांडणात ते कधी हरले नव्हते. पण हा पोरगा त्यांच्याकडे पाहून, यांच्यासारखं होऊ नये म्हणून, चालता धंदा बंद करून गाव सोडत होता, आणि ते सांगताना त्यांच्या म्हातारपणाला लागू नये म्हणून शब्द जपून वापरत होता. फारुख मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांना तुच्छ लेखलं. आपल्यालाही कोणी लेखू शकतं, आणि इतक्या अदबीने, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आतून लुबना चहा घेऊन आली. सलाम केला, कप हातात दिला, अम्मीची तब्येत विचारली. मिस्त्रींनी तिला तेच सांगितलं जे सांगायला ते आले होते. नाव पुसतो म्हणाले. उद्याच पुसतो.

"राहू द्या, अब्बा," ती म्हणाली. "आता यांना त्याचं काही वाटत नाही. मलाही नाही वाटत."

चहा झाल्यावर सामान टेंपोत चढवायला सुरुवात झाली. मोठी बाकडी, बाकड्यावरून सोडवलेली व्हाइसची लोखंडी पकड, पान्यांच्या गोण्या. तनवीर आणि टेंपोवाला पकड उचलत होते आणि ती जड होती, हे मिस्त्रींना दिसत होतं. ते उठले, बाह्या वर केल्या आणि पकडीच्या एका कडेला हात घातला.

"राहू द्या, मामू," तनवीर म्हणाला. "पाहुन्यानं काहून उचलावं? तुमी बसा."